जेसीबी, पोकलेन, हायवा अशी यंत्रांची नावं कुठून येतात?

तुम्ही विचारलंय की जेसीबीला जेसीबी का म्हणतात, आणि यंत्रांना असली चमत्कारिक नावं ठेवतं तरी कोण. माझी बावीस वर्षं जलसंधारणाच्या कामांवर गेली, नालाखोलीकरण आणि पाझर तलाव. ही नावं मोजमाप पुस्तिकेत रोज लिहिली, एकदा त्यांच्यापायी अडकलोही. म्हणून उत्तर देतोय.

जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड, माणसाचं नाव. इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधल्या यूटॉक्सिटर गावात 1945 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी एक गॅरेज भाड्यानं घेतलं, एका पौंडाला जुनं वेल्डिंग मशीन घेतलं आणि युद्धातून उरलेल्या सामानातून शेतमालासाठी मागं कलंडणारा ट्रेलर केला. बाजारात तो 45 पौंडांना गेला, वर गिऱ्हाइकाचा जुना गाडा मिळाला. बॅमफर्डनी तोही दुरुस्त करून 45 पौंडांनाच विकला. पुढं 1953 मध्ये समोर बकेट आणि मागं खोदणारा हात असलेलं यंत्र आलं. भारतात 1979 मध्ये एस्कॉर्ट्सबरोबर हरियाणात बल्लभगडला कारखाना निघाला. दुसऱ्या कंपन्यांची यंत्रं गावोगाव दिसायला लागली तोवर शब्द रुजला होता.

या यंत्राचं कागदावरचं नाव बॅकहो लोडर. हे नाव कामावर कुणाच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. खरं तर ते अगदी सरळ आहे: मागचा हात आपल्या खोऱ्यासारखा माती स्वतःकडे ओढतो, एवढंच ते सांगतं. पण यंत्रावर ते कुठं लिहिलेलं असतं? लिहिलेली असतात ती तीन ठळक अक्षरं. मुकादम यंत्र बोलावणार तो डोळ्याला जे दिसतं त्याच नावानं.

पोकलेनचं मूळ फ्रेंच. पॅरिसच्या ईशान्येला ल प्लेसी-बेलव्हिल नावाच्या गावात जॉर्ज बाताय यांचा शेतीअवजारांचा कारखाना होता, त्या कंपनीचं नाव पोक्लेन. तेलाच्या दाबावर चालणारी खोदयंत्रं बनवून ती जगभर पोचली. आपल्याकडं लार्सन अँड टुब्रोनं त्यांच्या तंत्रज्ञानावर ही यंत्रं बनवली आणि फ्रेंच नाव धरणांच्या, कालव्यांच्या कामांवर आलं. गंमत अशी, की खोदयंत्रांचा धंदा त्या कंपनीनं केव्हाच सोडला. तिचंच भावंड असलेली पोक्लेन हायड्रॉलिक्स आजही आहे, पण ती पंप आणि मोटर बनवते. आज तुमच्या गावात येणारं पोकलेन टाटा हिताचीचं असेल, कोमात्सूचं असेल, फ्रेंच पोक्लेनचं मात्र नसणार.

लोक चुकीचं बोलतात असं कुणी म्हटलं की मी वाद घालतो. कामावर विचारा: टायरवालं ते जेसीबी, चेनवालं ते पोकलेन. पहिलं रस्त्यानं स्वतः चालत येतं, दुसरं ट्रेलरवर चढवून आणावं लागतं, म्हणून त्याच्या आणण्या-नेण्याचा खर्च वेगळा धरायचा. कंपन्यांची नावं घेऊन लोकांनी दोन यंत्रांतला फरक पक्का केला. आमच्या अंदाजपत्रकात दोन्हींना नुसतं ‘उत्खनन यंत्र’ लिहायचे, त्यातून कशाचाच पत्ता लागत नसे.

हायवाची कथा तर आणखी अजब. हायवा ही मूळची नेदरलँड्सची कंपनी, आणि ती ट्रक बनवतच नाही. टिपरचा हौदा उचलणारा तेलाचा जॅक बनवते. गाडी टाटाची किंवा अशोक लेलँडची, पण हौद्यावर हायवा रंगवलेलं. झालं, वाळूचा अख्खा ट्रकच हायवा.

सगळी नावं रंगवलेल्या अक्षरांतून येत नाहीत. बुलडोझर आधी माणसं होती. अमेरिकेत 1876 च्या निवडणुकीच्या सुमारास लुइझियानात काळ्या मतदारांना चाबकानं फोडून धमकावणाऱ्यांना बुलडोझर म्हणत. बैलाला पुरेल एवढा डोस, म्हणून ‘बुलडोस’, असं त्याचं मूळ सांगतात. यंत्राला ते नाव पन्नासेक वर्षांनी चिकटलं.

रणगाड्याचं इंग्रजी नाव ‘टँक’ तर सरळसरळ थाप होती. पहिल्या महायुद्धात लिंकन शहरात ही गाडी बनत होती, तेव्हा गुपित फुटू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनताहेत असं सांगितलं. सप्टेंबर 1916 मध्ये ती फ्रान्समध्ये लढाईत उतरली, तरी नाव टाकीच राहिलं. त्यातही पाणी साठवायच्या अर्थाचा हा शब्द इंग्रजांनी पश्चिम भारतातून, गुजरातीतून किंवा मराठी ‘टाकं’वरून उचलला असावा असं काही कोशकार मानतात. तसं असेल तर शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांचं नातं थेट रणगाड्याशी लागतं. आपण मात्र आपलाच शब्द परत न घेता ‘रणगाडा’ केला, आणि झकास केला.

आता माझी अडचण. एका बिलात मी ‘जेसीबी, 8 तास’ लिहिलं होतं. लेखापरीक्षकांनी आक्षेप काढला: आरसी बुकात यंत्र दुसऱ्याच कंपनीचं आहे, मग जेसीबीचे पैसे कसे दिले? दीड पान खुलासा लिहावा लागला, की या भागात टायरवर चालणाऱ्या कोणत्याही खोदयंत्राला जेसीबी म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांनी तो वाचला, आक्षेप निकाली काढला, पान उलटलं आणि विचारलं, “बरं, बांधावर मुरूम किती हायवा टाकलाय?”

ती गाडी टाटाची होती.