तंबाखू खाऊन अळी ठणठणीत कशी?

प्रश्न : बाई, निपाणीजवळ आमचं तंबाखूचं रान आहे. पहाटे दहिवरात शेंडे खुडले की बाबांना मळमळतं, डोकं गरगरतं. तीच पानं खाणारी अळी मात्र ठणठणीत! तिला निकोटीन बाधत कसं नाही?

उत्तर : आधी बाबांचं. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात उतरतं. दहिवर वाळू द्या, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कपडे भिजले तर लगेच बदला. 'होईल सवय' म्हणून अंगावर काढू नका.

आता अळी. बेळगावात कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मी वर्षानुवर्षं झुरळं फाडून दाखवली. पोट उघडून पाण्यात ठेवलं की आतड्याच्या एका सांध्यापाशी पिवळट दोऱ्यांचा झुबका तरंगायला लागायचा. पोरं त्याला शेवया म्हणायची! त्या माल्पिघी नलिका. कीटकाच्या मूत्रपिंडाचं काम त्याच करतात. अळीतही असतात.

अमेरिकेत तंबाखूवर शिंगवाली हिरवी अळी पडते, मँड्युका. तिच्या नलिका निकोटीन रक्तातून ओढून बाहेर टाकतात, हे मॅड्रेल आणि गार्डिनर यांनी १९७६ साली दाखवलं. त्याच वर्षी हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या, औषधाला न बधणाऱ्या पेशींत पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन सापडलं. ते पेशीच्या पडद्यात बसलेलं असतं. तुमच्या आजोबांना मोट आठवत असेल: तोंड खाली, भरली की वर, थारोळ्यात ओतली की पुन्हा खाली. हे प्रथिनही आत तोंड करून विषाचा रेणू धरतं, उलटतं आणि बाहेर ओततं. बैलांच्या जागी एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा. मँड्युकाच्या नलिकांत १९९८ साली अशाच मोटेची चिन्हं मिळाली. गंमत म्हणजे त्या नलिका सदाफुलीपासून मिळणारं व्हिनब्लास्टीन हे कर्करोगाचं औषधही उपसतात. मोट माल फार निवडून घेत नाही, आणि फवारणीची काही औषधं निकामी होण्यात तिचाही हात असतो. (उरलेलं काम विष फोडणारी विकरं करतात, ते पुन्हा कधीतरी.)

मग मोटच अडवली तर? प्रयोगशाळेत जमतं. व्हेरापामिल या रक्तदाबाच्या गोळीतल्या द्रव्यानं ती अडते. पण म्हणून ते रानात फवारायचं मनात आणू नका. तीच मोट बाबांच्या यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या वेशीवरही चालू असते.