तीन वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार) आहे. थेरपीची उद्दिष्टे आम्ही ठरवावीत की थेरपिस्टने?
उद्दिष्ट कोणते हे तुम्ही सांगावे आणि ते कोणत्या पायऱ्यांनी गाठायचे हे थेरपिस्टने तुमच्याशी बोलून ठरवावे. ठाण्यात लहान मुलांना व्यवसायोपचार (रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठीची थेरपी) देताना मी पाहते, की ‘स्नायूंचा ताठरपणा कमी करणे’ असे उद्दिष्ट कागदावरच राहते. उलट ‘तीन महिन्यांत ती आधाराच्या खुर्चीत बसून वरणभाताचे चार घास स्वतःच्या हाताने खाईल’ असे ठरले, तर सराव रोजच्या जेवणातच होतो आणि प्रगती आजीलाही दिसते. गोल अटेनमेंट स्केलिंग या पद्धतीत अशा उद्दिष्टाच्या उणे २ (अपेक्षेपेक्षा खूप कमी) ते अधिक २ (अपेक्षेपेक्षा खूप जास्त) अशा पाच पातळ्या आधीच लिहून ठेवतात. तशी मागणी जरूर करा. मात्र जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा खुब्याचा सांधा सरकत असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले उपाय आधी करावेत.