सिगारेट सोडून सहा आठवडे झाले आणि चार किलो वाढलो. काय खाऊ, काय सोडू?

तुम्ही लिहिलंय की जेवण पूर्वीइतकंच आहे, इंदुरातच राहता, नोकरी बैठी आहे आणि आता मनात येतंय की दिवसाला दोनच ओढल्या तर वजन आटोक्यात राहील का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. दोनच्या दहा व्हायला मला नऊ दिवस लागले होते. ती हकीकत पुढे येईलच.

मी अठरा वर्षं ओढत होतो, दिवसाला दहा-बारा. २०१९ च्या जुलैत सोडली. सियागंजात एका घाऊक किराणा पेढीवर हिशेब लिहितो, म्हणजे दिवसभर बूड गादीवर. सोडली तेव्हा ७१ किलो होतो, दिवाळीपर्यंत ७८ झालो. भाऊबीजेला बहिणीनं ओवाळताना ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "दादा, सदऱ्याची बटणं सांभाळ."

शरीराचा भाग थोडक्यात उरकतो. निकोटिन भूक दाबतं आणि बसल्याजागीही शरीराला थोडी जास्त ऊर्जा जाळायला लावतं. रोज पाकीटभर ओढणाऱ्याच्या बाबतीत हा फरक दिवसाला दोनशे कॅलरींच्या आसपास असतो. सोडलं की तो जातो. शिवाय जिभेची चव आणि नाक परत येतं, त्यामुळे जे पूर्वी नुसतं गिळत होतो ते आता लागायला लागतं. सोडणाऱ्यांचं वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या तीन महिन्यांत. काहींचं अजिबात वाढत नाही, काहींचं उतरतंसुद्धा. तुमचे सहा आठवड्यांत चार म्हणजे गाडी सरासरीच्या पुढे धावतेय. तेव्हा जेवणाच्या ताटाबाहेर काहीतरी चाललंय.

ते मला कसं कळलं ते सांगतो. पेढीवर नमुने तोलायला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा असतो. एका दुपारी शेजारच्या गाळ्यातून लौंग शेवेचं पाकीट आलं. मी सवयीनं मूठ भरली आणि काय वाटलं कोण जाणे, तोंडात टाकायच्या ऐवजी काट्यावर सोडली. ३९ ग्रॅम. शेवेत शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे निकोटिन दिवसभर राबून जे जाळत होतं, ते एका मुठीत परत. आणि अशा मुठी मी दिवसाला चार तरी मारत होतो. त्या कुठल्याच जेवणात धरत नव्हतो. डॉक्टरांना मीसुद्धा तुमच्यासारखंच छातीठोकपणे सांगितलं होतं, "जेवण तेवढंच आहे." खोटं नव्हतं ते.

आपल्या गावाचा हा स्वभावच आहे. दुसऱ्या शहरात माणूस सिगारेट सोडतो तेव्हा हात रिकामा राहतो. इंदुरात तो रिकामा हात दहा पावलांवर शेव-परमलच्या, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांच्या, पुड्यात जातो.

दुसरी गोष्ट आईच्या लक्षात आली. एका रात्री म्हणाली, "अरे, हल्ली तू हात धुवायला उठतच नाहीस." खरंच होतं. पूर्वी शेवटचा घास घेतला की मी गॅलरीत जायचो. सिगारेट म्हणजे माझ्या जेवणाचा पूर्णविराम होता. ती गेल्यावर जेवण संपलंय हे मला सांगणारं कोणी उरलं नाही. मग अर्धी पोळी, थोडा भात, भाताबरोबर थोडं वरण, वरण उरलं म्हणून परत भात. भूक नव्हती, नुसतं उठवत नव्हतं.

त्यावर उपाय म्हणून मी काही खाणं सोडलं नाही, नवा पूर्णविराम शोधला. शेवटचा घास झाला की ताट उचलून सरळ मोरीवर आणि लगेच दात घासायचे. पेस्टची चव तोंडात असली की गोडसुद्धा नको वाटतं. मग शतपावली, राजेंद्रनगरच्या आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या. दुपारी पेढीवर दात घासणं जमत नाही, तिथं घरची भाजलेली बडीशेप, ओवा आणि जवस एका डबीत असतं. चिमूटभर. बाजारची रंगीत गोड बडीशेप नको, ती साखरच आहे. तीन आठवड्यांत मागून वाढून घेणं आपोआप थांबलं.

तलफ मुळात तीन ते पाच मिनिटांची असते, फार तर दहा. ती वेळ निघून जाण्यापुरतंच काहीतरी हवं असतं, पोट भरायला नको. म्हणून मी तोंडापेक्षा हाताला काम देणारे पदार्थ धरले. हिवाळ्यात हरभऱ्याचे डहाळे येतात. एकेक घाटा सोलायचा, आत दाणा एक नाहीतर दोन. दहा मिनिटं जातात आणि पोटात गेलेलं असतं मूठभर. उकडलेल्या शेंगाही चालतात, पण मोजून, शेंगदाण्यात तेल भरपूर. एरवी पेरूच्या फोडी जिरावण (आपला इंदुरी मसाला) लावून, काकडी, मुळा, गाजर. मूठ मारायचीच तर फुटाण्यांची मारा: शेवेपेक्षा कॅलरी एक-तृतीयांशानं कमी, प्रथिनं भरपूर आणि चावायला वेळ लागतो. पाण्याची बाटली टेबलावर समोर ठेवा, पिशवीत नको.

पोहे सोडू नका. वाफेवरचे पोहे बिचारे निरुपद्रवी असतात, घात करतात वरची शेव आणि शेजारची जिलबी. मी उसळ-पोहे घेतो, शेव चमचाभर, जिलबी रविवारी. उसळीमुळे पोट अकरापर्यंत टिकतं. नुसत्या पोह्यांवर साडेनऊलाच भुकेसारखं वाटायचं, आणि ती भूक की तलफ हे पहिल्या तीन महिन्यांत ओळखू येत नाही. दोन्हींत पोटात तसंच ओढल्यासारखं होतं.

इथंच माझी ती नऊ दिवसांची चूक आली. ७८ झाल्यावर घाबरून मी एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या ट्रेनरनं माझी सगळी कथा ऐकली आणि तरी बाराशे कॅलरींचा तक्ता हातात दिला. रात्री फक्त सूप. चौथ्या दिवशी डोकं दुखत होतं, कोणी बोललं तर अंगावर जावंसं वाटत होतं. पाचव्या दिवशी गुमटीवर, म्हणजे पानटपरीवर, गेलो आणि एकच घेतली. पुढे काय झालं ते वर लिहिलंय. परत सोडायला दिवाळीनंतरचा पूर्ण महिना गेला. माझं मत विचाराल तर पहिले तीन महिने वजन उतरवायचा विचारच करू नका. आहे तिथं थांबवलं तरी पुष्कळ. उपाशी माणूस सिगारेट टाळू शकत नाही, निदान मी तरी नाही.

चहाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा निकाल लवकर लावतं. धूर बंद झाला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. मी दिवसाला सात चहा प्यायचो, सोडल्यावर तेवढेच चालू ठेवले आणि रात्री टक्क जागा. मला वाटायचं ही सिगारेटची आठवण. अर्धी ती होती, अर्धा चहा. आणि इंदुरात रात्री झोप न येणारा माणूस कुठं जातो हे तुम्हाला सांगायला नको. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, साडेअकराला गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खाऊन घरी यायचो आणि मग पोट जड म्हणून झोप नाही. चहा तीनवर आणले, साखर अर्धा चमचा, चारनंतर बंद. दोन आठवड्यांत झोप लागायला लागली आणि सराफा आपसूक सुटला. पूर्वी सातही चहांत दोन-दोन चमचे साखर जायची, त्यातली बहुतेक वाचली ती वेगळीच.

पहिल्या महिन्यात पोट साफ होत नाही, अनेकांना होतं ते. पालेभाजी, ज्वारीची भाकरी, दुपारी ताक. आठवडाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

गुमटीवाल्याचं मात्र ऐकू नका. आमचा म्हणाला होता, "भिया, सिगरेट छोड़ दी तो मीठा पान तो चलेगा." त्यातला गुलकंद म्हणजे साखर, पण खरा धोका सुपारीचा. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण ठरते. गुटख्यावर मध्य प्रदेशात २०१२ पासून बंदी आहे, तरी सिगारेट सोडून त्याकडे वळलेले दोघे माझ्याच बाजारात आहेत.

निकोटिनचं च्युइंगगम मला डॉक्टरांनी दिलं होतं, २ मिलिग्रॅमचं. ते असेपर्यंत वजनही जरा धरून राहतं. फक्त साध्या गमसारखं सतत चघळू नका. दोन-चारदा चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, त्या गेल्या की परत चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. मधुमेहाची किंवा दुसरी कुठली रोजची औषधं चालू असतील तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, डोस बदलावा लागू शकतो. आणि रात्री जीव फारच कासावीस व्हायला लागला तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर सकाळी फिरवा, फुकट आहे. मी दोनदा फिरवला, दोन्ही वेळा पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकून घेतलं.

माझं आज ७४ आहे. ७१ परत दिसलं नाही आणि मी ते शोधतही नाही. रविवारी घरी दाल-बाफले (वरणाबरोबर कणकेचे उकडून भाजलेले गोळे) होतात ते चालूच आहेत. दोनच घेतो, तुपात बुडवून नाही, कुस्करून वर एक चमचा तूप. तो चमचा किती मोठा घ्यायचा यावर आईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.