तिसरी बेस वेगळी नको

बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. आधी हेडफोनवर, मग वर्कशॉपमधल्या मोठ्या स्पीकरवर. तुझी तक्रार खरी आहे. तू केलेल्या पहिल्या सहा तारांच्या बेस गिटारची बी तार, सगळ्यांत खालच्या सुराची, ढिली वाजते, सूर येतो पण त्याला धार नाही. दुसरीची बी भक्कम झाली, पण सी, सगळ्यांत वरच्या सुराची तार, पातळ वाजायला लागली, जी तारेवर सहाव्या फ्रेटपाशी (दांडीवरच्या सहाव्या धातूच्या पट्टीपाशी) सूर लवकर विझतो, आणि पट्टा गळ्यात घालून हात सोडला की हेड जमिनीकडे जातं. आता तिसरी करायला घेतोस म्हणे: फॅन्ड फ्रेट (पंख्यासारखे तिरके, म्हणजे प्रत्येक तारेची लांबी वेगळी), हेडलेस (टोकाला हेड नसलेली), बॉडीला शिवणीचं लाकूड, तारेची कंपनं पकडणारे पिकअपही नवे. आणि शेवटी विचारतोस, "नाना, कोणतं डिझाइन बरोबर?"

या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. ते कळायची वाट तू स्वतःच बंद करून ठेवली आहेस. पहिली आणि दुसरी यांत काय काय बदललं, हे तूच लिहिलंस: स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंचाचं ३५ केलं, नेकला, म्हणजे दांडीला, सागाऐवजी मेपल घेतलं, बॉडीचा आकार बदलला, पिकअप बदलले, तारांचा सेट बदलला. पाच गोष्टी. मग बी तार सुधारली ती कशामुळे? सी बिघडली ती कशामुळे? तुला माहीत नाही, मलाही माहीत नाही, आणि फोटो बघून सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

खरं म्हणजे बदल पाच नाहीत, सहा आहेत. तू मापं पाठवलीस त्यात पहिल्या फ्रेटपाशी नेकची जाडी पहिल्या बेसला २० मिलिमीटर आहे आणि दुसरीला २२. याचा तू उल्लेखही केला नाहीस, कारण हे तुझ्या लेखी डिझाइन नव्हतंच, रंधा जिथे थांबला तिथे थांबला. पण लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. २० चे २२ केलेस म्हणजे नेक जवळजवळ एक तृतीयांशाने ताठ झाली. आणि स्केलचं म्हणशील तर तोच सूर, तीच तार ठेवून ३४ ची ३५ इंच केलीस की ताण साधारण सहा टक्के वाढतो, कारण ताण लांबीच्या वर्गाने वाढतो. तो बीला हवाहवासा वाटतो, पण सीलाही तेवढाच लागू होतो. तुझी सी पातळ वाजते त्याचं कारण हे असेल, नवे पिकअप असतील, नाहीतर नवा सेट. तिन्ही एकदम बदललेस. आता कुणाला धरायचं?

म्हणून सांगतो, आणि या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: एका वेळी एकच गोष्ट बदल. तिसरी बेस दुसरीसारखीच कर. तेच लाकूड, तोच आकार, तेच पिकअप, तोच सेट, नेक २२ चीच. फक्त स्केल परत ३४ वर आण. तुला कंटाळा येईल, मला ठाऊक आहे. त्या कंटाळ्यातून गेल्याशिवाय तुला तुझ्या बेसबद्दल काहीही कळणार नाही.

लाकूड कापण्याआधी मात्र दोन कामं याच आठवड्यात कर. जी तारेचा तो विझणारा सूर आहे ना, तो बहुतेक वेळा फ्रेटचा दोष नसतो. नेकची स्वतःची कंपनं असतात. त्या जागेचा सूर त्यांच्याशी जुळला की तारेची शक्ती नेक खाऊन टाकते. बोल्ट-ऑन, म्हणजे नेक बोल्टने बसवलेल्या, बेसमध्ये हे पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास नेहमी सापडतं. हेडला एक छोटा क्लॅम्प लाव, खाली कापडाचा तुकडा घालून, आणि पुन्हा वाजव. विझणारी जागा सरकली तर दोष नेकच्या वजनात आणि ताठपणात आहे, फ्रेट घासत बसू नकोस. दुसरं म्हणजे पहिल्या बेसवरचा सेट दुसरीवर चढव आणि ऐक. ३४ इंचाचा सेट ३५ ला पुरतो की नाही ते बीच्या टोकापाशी आधी मोजून घे. पुरला तर एवढ्या एका कामात तारांचा प्रश्न निकाली निघेल. आणि ऐकताना अँप तोच ठेव. बी तारेचा मूळ सूर सेकंदाला जेमतेम ३१ कंपनांचा आहे. लहान कॉम्बो अँपमधून तो बाहेरच पडत नाही, आपण ऐकतो तो त्याच्या वरचा पदर. अँप बदलून बेसला नावं ठेवणारे वादक मी खूप पाहिलेत.

सागाबद्दल तू जे लिहिलंस ते मला आवडलं नाही. "साग मऊ पडला" म्हणे. कशावरून? सरळ रेषांच्या चांगल्या सागाचा ताठपणा मेपलच्या फार मागे नसतो. तुझी सागाची नेक २० ची होती आणि मेपलची २२ ची, हे विसरून तू लाकडाला दोष दिलास. साग तेलकट आहे, चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो. पटाशीची धारही लवकर जाते. एवढंच. आपल्याकडे धाब्याची जुनी घरं पडतात तेव्हा त्यातून निघालेल्या सागाच्या तुळया कित्येक उन्हाळे-पावसाळे बघून मुरलेल्या असतात. खिळे शोधून काढ, बिल जपून ठेव, आणि वापर. एका घराच्या तुळया मी पैशांअभावी सोडल्या होत्या, त्यांचे नंतर सोफे झाले. त्या सरळ नसांची आजही हळहळ वाटते.

लाकडाची एक गोष्ट मात्र तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. दोन फळ्या एकसारख्या कधीच नसतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालतं. तिथल्या कारागिराला भोपळा दर वेळी वेगळा मिळतो, शेतात उगवतो तसा. म्हणजे एक बदल न बोलावता आलेलाच असतो. आपलंही तसंच आहे. तू काही न बदलता दुसरी बेस केलीस तरी लाकडाने एक बदल केलेला असतोच. त्यावर तू स्वतःचे आणखी पाच घालतोस. म्हणून मला राग येतो.

आणि घाई. दुसरी बेस तू फाल्गुनात पुरी केलीस आणि ज्येष्ठात तिचा निकाल लावून मोकळा झालास. भुसावळचा मे महिना ४५ अंशांचा, हवा कोरडीठाक. त्यानंतर जुलैत भिंतीसुद्धा ओल्या. याच दोन टोकांमध्ये नेक वाकते, उठते. सहा तारा मिळून शंभर किलोच्या वर ओढतात, ते वेगळंच. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्याशिवाय नेक कशी आहे हे कळत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून आठव्या फ्रेटपाशी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाल, किती फट आहे ते लिही. ०.३ मिलिमीटरच्या जवळ असली तर ठीक. ट्रस रॉड (नेकमधली तिचा बाक सांभाळणारी सळई) फिरवलास तर तेही लिही, किती आणि कोणत्या बाजूला. वही वेगळी ठेव. मोबाइलमध्ये लिहू नकोस, मोबाइल बदलतो.

तुझ्या लाडक्या फॅन्ड फ्रेटला माझा विरोध नाही. बी तार लांब, सी आखूड, म्हणजे तुझ्या दोन्ही तक्रारींवर कागदावर तरी तो उपाय दिसतो. पण ३४ ला तुझी सी कशी वाजते आणि ३५ ला कशी, बाकी सगळं तेच ठेवून, हे तुला आज सांगता येतं का? नाही. मग दोन टोकांना कोणती मापं ठेवणार? कुणाच्या तरी बेसची मापं उचलणार, हो ना?

सहा तारांच्या बेसचा इतिहास तू माझ्यापेक्षा जास्त वाचलास, तरी एक गोष्ट नीट पाहिली नाहीस. फेंडरची बेस सिक्स १९६१ ची, पण ती गिटारचाच सूर एक सप्तक खाली नेणारी, ३० इंचाची. आपण जिला सहा तारांची बेस म्हणतो, खाली बी आणि वर सी, ती बेसवादक अँथनी जॅक्सन यांनी १९७५ मध्ये वाद्य बनवणाऱ्या कार्ल थॉम्पसन यांच्याकडून करून घेतली. तिथे ते थांबले नाहीत. पुढे केन स्मिथ यांच्याकडून, मग ब्रुकलिनच्या फोडेरा कंपनीकडून करून घेतली. पुढच्या बेसचं स्केल ३६ इंच झालं, तारांमधलं अंतर बदललं, बॉडी बदलली. पण वाजवणारा माणूस तोच, सूर तेच, मागणी तीच. म्हणून त्याला दर वेळी कळत होतं की काय सुधारलं आणि काय नाही. तुझ्याकडे असा एक कान आहे का? तुझी पहिली एकाने वाजवली, दुसरी दुसऱ्याने. हाही बदलच. सातवा.

माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. नाना तीच ती बेस करतो, वर्षानुवर्षं तोच आकार. हो, करतो. माझ्या बेसला ब्रिजपाशी (बॉडीवर तारा टेकतात तिथे) तारांमधलं अंतर आधी १६.५ मिलिमीटर होतं. सहा तारांत पाच फटी, म्हणजे १९ ला गेलं की बाहेरच्या दोन तारा एकमेकींपासून साडेबारा मिलिमीटर आणखी दूर जातात आणि सगळा हात बदलतो. मी एकदम १९ ला गेलो नाही. थोडं वाढवलं, वाजवायला दिलं, ऐकून घेतलं, मग आणखी थोडं. नंतर नेक तीन पट्ट्यांऐवजी पाच पट्ट्यांची केली, तेव्हा बाकी कशाला हात लावला नाही. नंतर वरचं शिंग लांबवलं, पट्ट्याची खुंटी बाराव्या फ्रेटच्या समोर येईपर्यंत, आणि हेड पडणं थांबलं. तुझ्या दुसरीचं शिंग बघ, खुंटी कुठे आहे ती मोज. नंतर फ्रेटबोर्डला अंजन लावून पाहिलं, आपल्या सातपुड्याचं, पाण्यात बुडणारं लाकूड. हेडकडचं वजन वाढलं, विझणारी जागा सरकली, आणि ती अंजनामुळेच सरकली हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण दुसरं काही बदललंच नव्हतं. किती जणांना असं सांगता येतं? एका दुकानदाराने दर महिन्याला नवा आकार मागितला होता, पैसे चांगले देत होता. मी नाही म्हटलं. घरात त्यावरून बोलणी खाल्ली. आज विचारशील तर आजही नाहीच म्हणेन.

खंत एकाच गोष्टीची आहे. माझ्या सुरुवातीच्या बेस विकल्या गेल्या आणि कुठे गेल्या पत्ता नाही. भुसावळला ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक माणूस होता, माझी प्रत्येक बेस आधी त्याच्या हातात जायची. तो गेला. मापं वह्यांत आहेत, पण पहिली आणि आजची शेजारी ठेवून ऐकणारं कुणी राहिलं नाही. त्या वह्या आजवर कुणी मागितल्याही नाहीत. तू मागितल्यास तर देईन, पण आधी तुझी वही दाखव.

तेव्हा पहिली विकू नकोस, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. दुसरीही नको. तिसरीला दुसरीचीच बॉडी वापरायची असेल तर वापर, तुझी बोल्ट-ऑन आहे, हे तुझं भाग्य. फक्त नवी नेक कर, ३४ इंचाची. २४ व्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत स्केलचा चौथा हिस्सा येतो, म्हणजे ३५ ला पावणेनऊ इंच आणि ३४ ला साडेआठ. ब्रिज पाव इंच पुढे घ्यावा लागेल. पिकअप जिथे आहेत तिथेच राहू दे. जुनी भोकं दिसतील तर दिसू देत. बॉडी एकच राहिली तर न बोलावलेला लाकडाचा बदलही नेकपुरताच उरेल. दुसरीची नेक सुटी काढून उभी टांगून ठेव, भिंतीला टेकवू नकोस.

दिवाळीनंतर दोंडाईच्याहून सकाळच्या गाडीने ये. दोन्ही नेक, बॉडी, वही आणि तोच सेट नवा घेऊन ये, तोच म्हणजे त्याच कंपनीचा, त्याच जाडीचा. आणि बेस वाजवणारा तुझा मित्र येत असेल तर त्यालाही आण, यापुढे प्रत्येक वेळी त्यालाच वाजवायला लावायचं आहे.

तुझा
नाना