व्हीईजीएफआर-२ चा पट्टा फिका पडला, म्हणजे रिसेप्टर नष्ट झाला का?

प्रश्न असा आहे: ह्यूवेक पेशींना (नाळेतल्या शिरेच्या अस्तराच्या पेशी) ५० नॅनोग्रॅम/मिली व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) दिल्यावर तासाभरात वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) त्याचा रिसेप्टर व्हीईजीएफआर-२ फिका दिसतो. तो नष्ट झाला की नुसता पेशीत ओढला गेला?

नुसता आत गेला असता तर पट्टा फिका पडला नसता, कारण पूर्ण लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या द्रावात) पृष्ठभागावरचा आणि आतला असा सगळाच रिसेप्टर येतो. काही भाग नष्ट झालाय. पण पृष्ठभागावर किती उरला, हे या ब्लॉटवरून कळत नाही, आणि पेशी व्हीईजीएफला किती दाद देणार हे त्यावरच ठरतं.

आधी पट्टे वेगळे मोजा. वरचा, सुमारे २३० किलोडाल्टनचा, साखरा पूर्ण जोडलेला पक्व रिसेप्टर. खालचा, सुमारे २००चा, अजून घडणीत असलेला. व्हीईजीएफचा मारा वरच्या पट्ट्यावरच होतो. दोन्ही एकत्र मोजले तर घट आहे त्यापेक्षा कमी दिसते.

रिसेप्टरच्या टायरोसीन-११७५ या जागेवरचं फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट जोडलं जाणं, म्हणजे रिसेप्टर चालू झाल्याची खूण) ५-१० मिनिटांत शिगेला पोचतं. रिसेप्टर एन्डोसोममध्ये (पेशीत ओढलेल्या गोष्टींच्या पिशवीत) गेल्यावरही संदेश देत राहतो. आत जाणं म्हणजे बंद होणं नव्हे. तिथून दोन वाटा: युबिक्विटिन (नाशाची खूण ठरणारं छोटं प्रथिन) लागलेला लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीकडे जातो, तर न्यूरोपिलिन-१ या सहरिसेप्टरसोबत असलेला रॅब-११ या परतीच्या मार्गाने पृष्ठभागावर परततो. व्हीईजीएफचे १२१ आणि १६५ असे प्रकार आहेत; व्हीईजीएफ-१२१ रिसेप्टर आणि न्यूरोपिलिनला १६५ सारखं एकत्र बांधत नाही. तेव्हा कोणता प्रकार वापरलात ते जरूर लिहा.

पृष्ठभागावरचा रिसेप्टर मोजायला बायोटिनिलेशन करा, म्हणजे पृष्ठभागावरच्या प्रथिनांना बायोटिनची खूण लावा आणि नंतर ती मण्यांवर पकडा. पेशी बर्फावर ठेवून कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या थंड पीबीएसने (फॉस्फेट-मीठ द्रावणाने) धुवा, सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिन ०.२५ मिग्रॅ/मिली ३० मिनिटं द्या, मग १०० मिलिमोलर ग्लायसिनने थांबवा. लेबल करताना ट्रिस बफर नको, तो बायोटिन खाऊन टाकतो. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) डीटीटी नको, त्याने बायोटिन जोडणारा डायसल्फाइड बंध तुटून बायोटिन गळतं आणि मण्यांवर काहीच येत नाही.

नाश कुठे होतो ते पाहायला लायसोसोमचं काम रोखणारं बॅफिलोमायसिन १०० नॅनोमोलर वापरा. सोबत नवी प्रथिनं बनणं थांबवणारं सायक्लोहेक्झिमाइड द्या, नाहीतर नव्याने बनणारा रिसेप्टर घट झाकतो. प्रोटिएसोम (प्रथिनं तोडणारं पेशीतलं दुसरं यंत्र) रोखणाऱ्या एमजी-१३२ने घट थांबली एवढ्यावरून ‘प्रोटिएसोम’ म्हणू नका. त्याने मोकळं युबिक्विटिनही संपतं, आणि लायसोसोमकडची निवडही अडते.

फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी मोजण्याची पद्धत) करणार असाल तर पेशी ट्रिप्सिनने सोडवू नका. ते रिसेप्टरचा बाहेरचा भागच कापू शकतं. पेशी सोडवणारं सौम्य मिश्रण अॅक्युटेज वापरा.