वाचकांचे प्रश्न : थरथरणारा गुरू आणि आकार बदलणारा आरसा

प्रश्न : मी सोलापूरला बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात गच्चीवरून लहान दुर्बिणीतून गुरू पाहिला, तेव्हा त्याचे पट्टे क्षणभर स्पष्ट दिसत आणि लगेच पाण्याखाली गेल्यासारखे पुसट होत. दोष दुर्बिणीचा नसून हवेचा आहे आणि मोठ्या वेधशाळा तो ‘अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स’ने दूर करतात, असे आमच्या सरांनी सांगितले. या विषयात संशोधन करणारी व्यक्ती नेमके काय करते? घरचे विचारतात, यात पोट भरेल का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : सरांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो, आणि तापलेल्या तव्यावरून पाहताना पलीकडची भिंत जशी हलताना दिसते, तसा गुरूचा प्रकाश त्या हवेतून वेडावाकडा होऊन दुर्बिणीत शिरतो. डोंगरमाथ्यावरील वेधशाळेत हा त्रास कमी असला, तरी वरचे वातावरण कोणालाच चुकत नाही. म्हणूनच दहा मीटर व्यासाचा आरसाही, काही उपाय केला नाही तर, दृश्य प्रकाशात दहा-वीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीपेक्षा फारसे बारीक तपशील दाखवत नाही.

उपाय होरेस बॅबकॉक या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने 1953 मध्येच सुचवला होता : प्रकाशात आलेली वक्रता सतत मोजायची आणि तिच्या नेमका उलट आकार एका आरशाला द्यायचा. हेच अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स. पण हे काम सेकंदाला शेकडो वेळा करावे लागते आणि तेवढे वेगवान संगणक व संवेदक तेव्हा नव्हते. खगोलशास्त्रासाठी ते पहिल्यांदा जमले 1989 मध्ये, फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत. मोजमाप चिमुकल्या भिंगांच्या जाळीने करता येते. प्रत्येक भिंग ताऱ्याचा एकेक ठिपका पाडते, हवेमुळे ठिपके जागचे सरकतात, आणि त्या सरकण्यावरून संगणक पातळ आरशामागच्या अ‍ॅक्चुएटरना, म्हणजे आरसा ढकलणाऱ्या चिमुकल्या दट्ट्यांना, किती ढकलायचे ते सांगतो. आरसा हलतो तो जेमतेम काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग.

खरी अडचण पुढची होती. मोजमापासाठी जवळपास तेजस्वी तारा लागतो आणि आकाशाच्या बहुतेक भागात तो नसतो. इथे क्लेअर मॅक्स या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंची कारकीर्द तुम्ही जरूर समजून घ्यावी. त्यांनी 1972 मध्ये प्रिन्स्टनमधून पीएच.डी. घेतली आणि अमेरिकेतील लिव्हरमोरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित वायूचे, संशोधन केले. म्हणजे दुर्बिणी हा त्यांचा मूळ विषय नव्हताच. तारा नसेल तर तो आपणच बनवायचा, हा त्या अडचणीवरचा तोडगा. सुमारे 90 किलोमीटर उंचीवर उल्कांनी मागे सोडलेल्या सोडियमचा पातळ थर आहे. त्यावर 589 नॅनोमीटरचा पिवळा लेसर सोडला की तिथे कृत्रिम तारा चमकतो. आपल्या रस्त्यांवरचे जुने पिवळे दिवे ज्या मूलद्रव्यामुळे पिवळे दिसत, तेच हे सोडियम. ही कल्पना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या संरक्षण संशोधनात पुढे आली आणि 1991 पर्यंत गुप्त राहिली. ती खुली झाल्यावर मॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या तीन मीटरच्या दुर्बिणीवर सोडियम लेसर बसवून प्रतिमा सुधारून दाखवल्या. आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षा अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सच्या तंत्राने इतक्या अचूक मोजता आल्या की तिथे चाळीस लाख सूर्यांइतके वस्तुमान आहे हे सिद्ध झाले. आंद्रेआ गेझ आणि राइनहार्ड गेंझेल यांना 2020 चे नोबेल त्यासाठी मिळाले. हे सांगताना मला आजही भरून येते, कारण त्यामागे लेसर, इलेक्ट्रॉनिक्स आणि गणित यांच्यावर अनेक माणसांनी मुकाट्याने घालवलेली वर्षे आहेत.

आपल्याकडेही हे काम चालते. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था ‘रोबो-एओ’ (एओ म्हणजे अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स) या प्रकल्पात अमेरिकेच्या कॅलटेक विद्यापीठाची भागीदार होती. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर दुर्बिणीवर बसवलेली ही यंत्रणा स्वतःच एकामागून एक तारे टिपत असे. उदयपूरच्या सौर वेधशाळेत हेच तंत्र सूर्यासाठी वापरले जाते. एम.एस्सी.नंतर जेस्ट किंवा नेट ही परीक्षा देऊन पीएच.डी.कडे जाता येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांनाही दार उघडे आहे. घरच्यांना हेही सांगा, की हेच तंत्र डोळ्याच्या पडद्यावरील एकेक पेशी पाहण्यासाठी वापरले जाते, त्यामुळे हे कौशल्य वेधशाळेबाहेरही उपयोगी पडते. मात्र पीएच.डी. आणि त्यानंतरची तात्पुरती पदे धरून आठ-दहा वर्षांची तयारी ठेवावी लागेल, हे त्यांच्यापासून लपवू नका.

सुरुवात आजच करता येईल. दुर्बिणीला साधा कॅमेरा लावा, एका तेजस्वी ताऱ्याचे शंभर फोटो भराभर घ्या आणि प्रत्येक फोटोत ठिपक्याचा मध्य किती पिक्सेल सरकला ते मोजून आलेख काढा. वर सांगितलेल्या भिंगांच्या जाळीतले एक भिंग जे काम करते, तेच हे. एकदा मे महिन्यात आणि एकदा जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, त्याच गच्चीवरून हे करा. तारा तितक्याच उंचीवरचा निवडा, म्हणजे दोन्ही आलेखांची तुलना करता येईल, आणि ते आम्हाला पाठवा.