नवी आवृत्ती घेण्याची घाई नको
भावा, लातूरच्या तुमच्या गटानं डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा कल्पनारम्य खेळ) २०१४ च्या नियमांवर सुरू केलंय, तर २०२४ ची पुस्तकं लगेच घेऊ नको. गाभा तोच आहे: वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राचा बोनस जोडायचा. ॲडव्हान्टेज, म्हणजे परिस्थिती अनुकूल, असेल तर फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. २००० च्या आधी 'थॅको'ची (वार लागायला फाशावर किती हवेत ते काढायची जुनी पद्धत) उलटी वजाबाकी करावी लागायची, त्यापुढं हे फारच सुटसुटीत!

नव्यातलं एक मात्र आजच उचला. बरं करणारं औषध आता बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या मुख्य कृतीशिवायच्या छोट्या जादा कृतीत) पिता येतं, त्यामुळं जखमी खेळाडूची अख्खी पाळी त्यातच जात नाही. मला हा बदल मनापासून पटतो. २०१४ चे मूळ नियम एसआरडीत (प्रकाशकांनी खुल्या केलेल्या नियमांच्या दस्तऐवजात) फुकट मिळतात. फक्त एकाच मंत्राचे जुना आणि नवा असे दोन अवतार टेबलावर आणू नका. कुठला धरायचा ते खेळ सुरू होण्याआधी ठरवा.